राउटर बंद-चालू केला की नेट बरं होतं, चार तासांनी पुन्हा तेच: नेमकं काय तपासायचं?

महिन्याची वीस तारीख, सकाळचे साडेदहा. एका करसल्लागारांच्या ऑफिसातून फोन. "दादा, जीएसटीचं पोर्टल उघडत नाही. राउटर बंद करून चालू केला, तासभर छान चाललं, आता पुन्हा तेच." मागे कुणीतरी म्हणत होतं, "पण स्पीड तर शंभरचा दाखवतोय!"

छोटी ऑफिसं, दवाखाने, दोन-तीन शाळा यांची नेटवर्कं मी सांभाळतो. हाच फोन दर महिन्याला वेगवेगळ्या तोंडून ऐकतो आणि दुरुस्ती दर वेळी साधारण त्याच चार ठिकाणी सापडते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

लक्षणं

- स्पीड टेस्टचा आकडा उत्तम, पण साइट उघडताना सुरुवातीला तीन-पाच सेकंद काहीच हलत नाही. मग सगळं पान एकदम येतं.
- मघाशी उघडलेली साइट लगेच उघडते, नवी अडते.
- व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येत-जात असतात, ब्राउझर मात्र गोल फिरत बसतो.
- प्रिंटर सकाळी चालतो, दुपारी "ऑफलाइन" होतो, संध्याकाळी कुणी हात न लावता सुधारतो.
- अख्खं ऑफिस एकाच क्षणी थंड पडतं आणि स्विचवरचे (ऑफिसातल्या केबली जिथे जोडतात त्या खोक्यावरचे) सगळे दिवे अंगात आल्यासारखे लुकलुकतात.
- बंद-चालू केलं की आराम पडतो, पण ठरावीक वेळापुरताच.

व्हिडिओ सतत अडखळत असेल, डाउनलोड रांगत असेल आणि स्पीड टेस्टही तेच सांगत असेल, तर दुखणं वेगळं आहे. ते लाइनचं किंवा वायफायचं. इथे बोलतोय ते पत्ता शोधण्याच्या दुखण्याबद्दल.

बंद-चालू करण्याआधी थांबा

नेटवर्कमधलं प्रत्येक यंत्र एकदा शोधलेलं लिहून ठेवतं, म्हणजे पुन्हा शोधायला नको. ढोबळमानाने चार वह्या समजा. संगणकाच्या वहीत साइटचं नाव आणि तिचा आयपी पत्ता. दुसरी वहीही संगणकातच, तिच्यात ऑफिसातल्या यंत्रांचा आयपी पत्ता आणि त्यांचा कारखान्यात छापलेला मॅक पत्ता. तिसरी स्विचकडे: कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टवर. चौथी राउटरकडे: आतल्या कोणत्या यंत्राचं बाहेर कुणाशी बोलणं चालू आहे. तार कितीही जाड असली तरी या वह्या नसतील तर नेट रांगेल, कारण प्रत्येक पुडक्यासाठी (पॅकेटसाठी, म्हणजे माहितीच्या तुकड्यासाठी) पत्ता नव्याने विचारत बसावं लागेल.

बंद-चालू केल्यावर बरं होणारं दुखणं बहुधा यांतल्याच एका वहीचं असतं. एखादी नोंद शिळी झालेली, चुकीची झालेली, नाहीतर वही भरलेली. राउटर आणि स्विच एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतात, त्यामुळे बटण दाबलं की दोघांच्या वह्या कोऱ्या होतात. केबल तुटल्यासारखं वाटून संगणकही आपल्या बऱ्याचशा नोंदी पुसतो. आराम पडतो, पण दोष कोणत्या वहीत होता हे कळायची संधीही पुसली जाते. म्हणून माझा नियम: एका वेळी एकच वही पुसायची आणि मग बघायचं.

१. नाव अडतंय की रस्ता? (फुकट, दोन मिनिटं)

अडलेलं असतानाच कमांड प्रॉम्प्ट उघडा. आधी पिंग आणि पुढे ८.८.८.८ (इंटरनेटवरचा एक सार्वजनिक पत्ता) असं टाका, मग पिंग आणि पुढे एखाद्या साइटचं नाव. आकडे आणि अक्षरं अर्थातच इंग्रजीत. आकड्याला लगेच उत्तर आलं आणि नावाला थांबून आलं किंवा आलंच नाही, तर रस्ता ठीक आहे, नावाचा पत्ता मिळत नाहीये. पायरी २ ते ४ करा. दोन्हींना उत्तर नसेल तर पायरी ५ पासून पुढे.

याच वेळी शेजारच्या संगणकावरही तेच करून बघा. एकाच यंत्रावर दोष असेल तर राउटरला हातही लावू नका. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण निम्म्या वेळा लोकांनी एका लॅपटॉपसाठी अख्ख्या ऑफिसचं नेट बंद केलेलं असतं.

२. संगणकाची नावांची वही पुसा (फुकट, एक मिनिट)

विंडोजवर आयपीकॉन्फिग, एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि लागून फ्लशडीएनएस. आधी तिरक्या रेघेनंतर डिस्प्लेडीएनएस टाकलंत तर वहीतल्या नोंदी दिसतील. अडणारं नाव तिथे कोणत्या आकड्यासमोर आहे ते पुसण्यापूर्वी कागदावर टिपून घ्या.

प्रत्येक नोंदीला आयुष्य ठरवून दिलेलं असतं, टीटीएल म्हणतात ते. सेकंदांत मोजतात. साइटच्या मालकाने ८६४०० ठेवलं असेल तर जुना पत्ता दिवसभर लोकांच्या वह्यांत राहू शकतो. त्यामुळे "साइट नव्या होस्टिंगवर हलवली, मला नवी दिसते, गिऱ्हाइकाला जुनीच" ही तक्रार दोष नसून ठरल्याप्रमाणे चाललेलं काम आहे. हलवायच्या दोन दिवस आधी टीटीएल ३०० वर आणून ठेवायचा असतो, हलवल्यावर नाही.

आणखी एक गंमत. "असं नाव अस्तित्वात नाही" हे उत्तरही काही काळ लक्षात ठेवलं जातं. १९९८ च्या आरएफसी २३०८ मध्ये त्याचे नियम आहेत (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांक दिलेली टिपणं). नवं नाव नोंदवून व्हायच्या आतच उतावीळपणे उघडून पाहिलंत, तर तो नकार वहीत बसतो आणि नाव चालू झाल्यावरही तुम्हाला दिसत नाही. दर मिनिटाला रिफ्रेश मारून काही होत नाही. वही पुसा, नाहीतर चहा घेऊन या.

३. होस्ट्स फाइल बघा (फुकट, पाच मिनिटं)

पुसूनही तेच नाव चुकीच्याच पत्त्यावर जात असेल तर ही फाइल उघडा. विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, त्यात होस्ट्स. हिच्यातली नोंद बाहेर विचारण्याआधी वाचली जाते, आणि वही पुसली तरी पुन्हा वहीत उतरते.

ही फाइल म्हणजे जुन्या काळाचं उरलेलं घर आहे. इंटरनेट अजून आर्पानेट, म्हणजे त्याच्या आधीचं अमेरिकन नेटवर्क, होतं तेव्हा त्यावरच्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलीत असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती ठेवलेली असे आणि बाकीचे सगळे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तसं ते झेपेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था, आखलं: एकाच मोठ्या फाइलीऐवजी ज्याची नावं त्याने सांभाळायची, वरच्याने फक्त "अमक्याला विचार" म्हणायचं, आणि मिळालेलं उत्तर वाटेतल्या प्रत्येकाने थोडा वेळ लक्षात ठेवायचं. १९८७ साली आरएफसी १०३४ आणि १०३५ मध्ये तो आराखडा पक्का झाला आणि आजही पाया तोच आहे. यातल्या लक्षात ठेवण्याला माझ्या मते नेहमी कमी श्रेय मिळतं. ते नसतं तर प्रत्येक क्लिकला जगाच्या मुळापासून विचारपूस सुरू झाली असती.

एका दवाखान्यात बिलिंगचा संगणक बदलल्यापासून रिसेप्शनच्या एकाच पीसीवर सॉफ्टवेअर उघडेना. कधीकाळी आलेल्या कुणीतरी होस्ट्समध्ये जुन्या संगणकाचा १९२.१६८ वाला पत्ता लिहून ठेवला होता. ती एक ओळ काढली. त्याआधी त्यांनी नवीन लॅन कार्ड विकत घेतलं होतं.

४. विचारताय कुणाला? (फुकट, पंधरा मिनिटं)

इथे सर्वांत जास्त वेळा सापडतं, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आयपीकॉन्फिग, तिरकी रेघ, ऑल असं टाकून डीएनएस सर्व्हरपुढचे आकडे बघा. मग एनएसलुकअप या कमांडने अडणारं नाव त्यांतल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, लागोपाठ दोनदा. पहिल्यांदा उशीर आणि दुसऱ्यांदा झटकन, तर सर्व्हरची आठवण ठीक आहे. दोन्ही वेळा उशीर असेल तर तो सर्व्हर किंवा त्याच्यापर्यंतचा रस्ता दमलाय. अजिबात उत्तर नसेल तर तो सर्व्हर मेलाय आणि तरीही तुमच्या यादीत पहिल्या नंबरावर बसलाय. जुन्या ब्रॉडबँड कंपनीचा सर्व्हर हाताने टाकलेला आणि मग कंपनी बदललेली, हा प्रकार नेहमीचा.

अडण्याचा काळ घड्याळ लावून मोजा. साधारण लिनक्सवर पहिला सर्व्हर गप्प बसला तर मूळ सेटिंगनुसार ५ सेकंद वाट बघून मग दुसऱ्याला विचारलं जातं. दर वेळी नेमके पाचच सेकंद जात असतील तर तो योगायोग नसतो. लाइन संथ असती तर कधी तीन, कधी आठ असे कसेही सेकंद गेले असते.

उपाय सोपा: मेलेला पत्ता काढा. त्या जागी राउटरचा स्वतःचा पत्ता, कंपनीचा चालू डीएनएस, किंवा ८.८.८.८, १.१.१.१, ९.९.९.९ यांपैकी एखादा सार्वजनिक सर्व्हर टाका. तो प्रत्येक संगणकात टाकत बसू नका. राउटरच्या डीएचसीपीत (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीत) एकदाच बदला, नाहीतर तीन वर्षांनी पुन्हा हीच पोस्ट वाचायला याल. सार्वजनिक सर्व्हर म्हणजे प्रत्येक वेळी वेग वाढणारच असंही नाही. मोठ्या व्हिडिओ साइट नावाच्या उत्तरावरूनच तुम्हाला जवळच्या सर्व्हरकडे धाडतात, आणि विचारणारा लांबचा वाटला तर लांबच्याकडे धाडू शकतात. दोन्ही लावून बघा, जे बरं ते ठेवा.

मात्र ऑफिसात डोमेन सर्व्हर असेल, म्हणजे सकाळी लॉगिन करताना कंपनीच्या नावाने करत असाल, तर संगणकात ८.८.८.८ टाकू नका. दुसऱ्या नंबरावरही नको. ऑफिसच्या आतली नावं बाहेरच्या कुणाला माहीत नसतात. एखाद्या क्षणी विंडोज त्या दुसऱ्याकडे वळलं की फाइल सर्व्हर "सापडत नाही" म्हणतं, आणि ही तक्रार कधी येते, कधी येत नाही. अशी अर्धवट तक्रार शोधायला सर्वांत वाईट. डोमेन सर्व्हर असेल तर इथेच थांबा आणि ज्याने तो बसवला त्याला बोलवा.

५. प्रिंटर कधी आहे, कधी नाही (फुकट, वीस मिनिटं)

हे दुसऱ्या वहीचं दुखणं. आयपी पत्ता माहीत असला तरी तारेवर पुडकं द्यायला मॅक पत्ता लागतो. तो शोधायची रीत, एआरपी, १९८२ च्या आरएफसी ८२६ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी मांडली. "अमुक आयपी कुणाचा?" असं सगळ्यांत ओरडून विचारायचं, ज्याचा असेल तो हात वर करतो, आणि उत्तर वहीत. खातरजमा कसलीच नाही. दोघांनी हात वर केला तर ज्याचं उत्तर शेवटी ऐकलं तो खरा.

प्रिंटरला हाताने १९२.१६८.१.२० दिलेला असतो आणि राउटरचा डीएचसीपी तोच पत्ता कुणाच्या तरी फोनला वाटून मोकळा होतो. फोन ऑफिसात आला की प्रिंटर गायब, फोनचा मालक जेवायला गेला की प्रिंटर हजर.

खात्री करायची युक्ती: प्रिंटरची केबल काढा, तो वायफायवर असेल तर बंदच करा, आणि मग त्याच्या पत्त्याला पिंग करा. तरीही उत्तर आलं तर भुताटकी नाही, दुसरं यंत्र आहे. एआरपी, जागा, उणे चिन्ह आणि ए टाकलं की त्याचा मॅक दिसतो. मॅकचे पहिले तीन भाग सहसा बनवणारी कंपनी सांगतात, पण हल्लीचे फोन खोटा मॅक घेऊन फिरतात, तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

उपाय म्हणजे प्रिंटरचा पत्ता राउटरमध्येच त्याच्या मॅकच्या नावाने राखून ठेवणे. प्रिंटरवर हाताने दिलेला पत्ता काढून टाका.

६. स्विचच्या दिव्यांचं नाचणं (फुकट, पण घाम निघतो)

सगळ्यांचं एकदम बंद आणि स्विचचे सगळे दिवे सारखे वेगाने लुकलुकतायत? कुणीतरी टेबलाखाली लोंबणारी केबल "निघालेली दिसते" म्हणून रिकाम्या पोर्टात खोचली आहे. तिचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये आहे. झाडलोटीनंतर हे हमखास होतं आणि हेतू बिचाऱ्याचा चांगलाच असतो.

स्विच शिकतो तो साध्या रीतीने: या पोर्टातून हा मॅक बोलला, म्हणजे तो इथे राहतो. न बोलणाऱ्याची नोंद सहसा ३०० सेकंदांनी पुसली जाते. चक्र झालं की तोच मॅक क्षणात पोर्ट ३ वर, क्षणात पोर्ट ७ वर दिसतो आणि वही वेडी होते. त्यात इथरनेटच्या पुडक्याला आयपीसारखं "इतक्या उड्यांनंतर मर" असं आयुष्य नसतं. सगळ्यांना उद्देशून निघालेलं एक पुडकं गोल गोल फिरतच राहतं.

यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना काढला. स्विच आपसांत बोलून चक्र ओळखतात आणि एक वाट बंद ठेवतात. पण हजार-पंधराशेच्या साध्या स्विचमध्ये ते बहुधा नसतं. म्हणून तुम्हीच करा: एकेक केबल काढा, प्रत्येकीनंतर पाच-दहा सेकंद दिवे बघा. शांत झाले की जी शेवटची काढली तीच. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि केबलींना चिकटपट्टीने नंबर द्या. मी एकदा नाही दिले. रात्री साडेनऊला घरी गेलो.

७. राउटरची वही भरली (दोन हजारांपासून पुढे)

आता मूळ तक्रारीकडे. बंद-चालू केल्यावर तास-दोन तास बरं, मग नव्या साइट अडतात आणि आधीपासून चालू असलेलं चालू राहतं. हे चौथ्या वहीचं लक्षण.

ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बोलण्याची नोंद राउटर ठेवतो, कारण उत्तर आलं की ते आत कुणाला द्यायचं हे त्याला कळायला हवं. ही यादी वरून खाली वाचत बसला तर संपलंच. म्हणून तो हॅशिंग वापरतो: नोंदीवर एक छोटं गणित करायचं, आलेल्या आकड्याच्या खणात ती टाकायची, शोधताना तेच गणित करून थेट त्याच खणात हात घालायचा. पोस्टातल्या टपाल लावायच्या खणांसारखंच. ही कल्पना आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ साली एका अंतर्गत टिपणात मांडली होती. तुमचं वायफाय आजही त्यावर चालतं.

पण खण मोजके. स्वस्त राउटरमध्ये नोंदी काही हजारच मावतात. भरल्यावर नवी नोंद होत नाही, म्हणजे नवं बोलणं सुरूच होत नाही. डीएनएसला विचारलेला प्रश्न हेही नवं बोलणंच, म्हणून पहिलं लक्षण नाव अडण्याचं दिसतं आणि लोक पायरी ४ मध्येच अडकून पडतात. जुन्या नोंदी किती काळ ठेवायच्या हेही बनवणाऱ्यावर. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये जुळलेलं टीसीपी बोलणं (वेबसाइट वगैरेंशी होणारं जोडणीचं बोलणं) शांत पडलं तरी नोंद ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस राहते. बरेचसे राउटर आतून लिनक्सच असतात.

आधी फुकटात: राउटरच्या पानावर सेशन किंवा कनेक्शन संख्या दिसते का बघा. मग सीसीटीव्हीचा डीव्हीआर, टोरेंट चालू असलेला संगणक, पाहुण्यांचं वायफाय असं एकेक दिवसभर बाहेर ठेवून बघा. दोष यायचा काळ लांबला तर चोर सापडला. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) नवं करा. त्याने नाही भागलं तर राउटर बदला. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

वीस तारखेच्या त्या ऑफिसात हेच होतं. घरगुती राउटर, त्यावर पंधरा संगणक, तीसेक फोन आणि एक डीव्हीआर, जो इंटरनेटवर सारखा कुणाला तरी शोधत होता. डीव्हीआरला बाहेरचा रस्ता बंद केला, तो दिवस निभावला. राउटर पुढच्या आठवड्यात बदलला.

इथून पुढे हात लावू नका

फायबरच्या खोक्यावर लॉसचा (सिग्नल हरवल्याचा) दिवा लाल असेल तर वरचं काहीच लागू नाही. कंपनीला फोन करा. फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. ऑफिसात मॅनेज्ड स्विच (सेटिंग करता येणारे) किंवा व्हीलॅन (एकाच तारेवर वेगळी केलेली नेटवर्कं) असतील, किंवा डीव्हीआर काढल्यावरही कुठलासा संगणक रात्री रिकाम्या ऑफिसात हजारो कनेक्शन उघडत असेल, तर तोही तुमचा विषय नाही. त्या संगणकाची केबल काढून ठेवा आणि जाणकाराला बोलवा. पुसायला, फॉरमॅट मारायला घेऊ नका.

कधीकधी दोष तुमच्या भिंतींच्या फार बाहेर असतो. मोठ्या राउटरांत टीकॅम नावाची स्मृती असते. साध्या स्मृतीला जागा सांगितली की ती मजकूर देते. हिला मजकूर द्यायचा, ती जागा सांगते, तेही सगळ्या कप्प्यांना एकाच वेळी विचारून. वर्गात हजेरी घेत बसण्याऐवजी "गणपत कोण?" म्हटलं की हात वर, तसं. वेगवान, पण महाग आणि वीज खाणारी, त्यामुळे मोजून बसवलेली. १२ ऑगस्ट २०१४ ला इंटरनेटच्या मार्गांची यादी ५,१२,००० च्या वर गेली आणि तेवढ्याच नोंदींची जागा राखलेले जुने राउटर जगभर अडखळले. राउटर तेच, वही भरण्याचं दुखणं तेच, फक्त आकार मोठा. अशा दिवशी तुमच्या होस्ट्स फाइलीत काही सापडणार नाही. मोबाइल डेटावर तीच साइट उघडून बघा. तिथे चालत असेल आणि पायरी ७ पर्यंत सगळं झालं असेल, तर चेंडू कंपनीच्या अंगणात आहे.

फोन करताना "नेट स्लो आहे" एवढंच सांगू नका. दोष कधी सुरू झाला, एका यंत्रावर की सगळ्यांवर, आकड्याला पिंग लागतो आणि नावाला नाही असं आहे का, बंद-चालू केल्यावर किती वेळ बरं राहतं, आणि अडण्याचा काळ किती सेकंद, हे पाच मुद्दे चिठ्ठीवर लिहून समोर ठेवा. पलीकडचा माणूस "राउटर एकदा बंद-चालू करा" म्हणेलच. ते आधीच करून पाहिलंय हे सांगा, आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.